फुटपाथ अडवणारी रांग: गोव्यात वाट मोकळी करून घेण्याचा क्रम

दुकानाबाहेर रांग लागते, फुटपाथ भरतो, चालणारे रस्त्यावर उतरतात आणि कुणीतरी चिडून पोलिसांना फोन लावतं. गाडी येते, शिट्टी वाजते, माणसं पांगतात. गाडी वळली की दहा मिनिटांत रांग पुन्हा तिथंच. तक्रारदार म्हणतो पोलीस काही करत नाहीत. पोलीस म्हणतात लोक ऐकत नाहीत. दोघांचंही खरं आहे. रांगेतली माणसं सतत बदलत असतात, त्यांना समज देऊन उपयोग नाही. रांग ज्याच्यामुळे लागते तो मात्र रोज तिथंच असतो. सगळी मेहनत त्याच्यावर घ्यायची.

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा अशा शहरांतल्या रहिवाशांना आणि सोसायट्यांना हा क्रम उपयोगी पडेल. दुकानदारांनी निदान चौथा टप्पा वाचावा.

## १. गर्दी कोणाची, हे आधी ठरवा

सगळ्या प्रकारांना एकच अर्ज देणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. प्रकार बदलला की दार बदलतं.

दुकान, बँक, एटीएम, दवाखाना, बेकरी यांची रांग: हिला मालक आहे आणि त्याच्याकडे पालिकेचा व्यापार परवाना असतो. हे प्रकरण सर्वांत सोपं.

खाण्याचा गाडा: संध्याकाळी रस-ऑम्लेटच्या गाड्याभोवती रांग नसते, कोंडाळं असतं. गाडा फुटपाथवर, खाणारे त्याच्याभोवती आणि त्यांच्या स्कूटर कठड्याला लावलेल्या. इथं ‘हटवा’ म्हणण्याआधी गाडेवाल्याकडे पथविक्रीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा केंद्रीय कायदा लागू आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि प्रमाणपत्र असलेल्याची जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस लागते. त्यामुळे मागणी ‘गाडा उचला’ अशी न करता ‘खाणाऱ्यांची उभं राहायची बाजू बदला’ अशी करा. ती लवकर मान्य होते.

पर्यटकांची गर्दी: पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर रात्री कॅसिनोच्या बोटींकडे जाणारे लोक, किंवा फोंतेन्यासमध्ये रंगीत भिंतींपुढे फोटो काढणारे. पहिल्या प्रकारात मालक आहे आणि जेटीचा विषय बंदर कप्तान खात्याकडे जातो, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडेही. दुसऱ्यात मालक दिसत नाही. पण नीट पाहिलं तर निम्मी गर्दी एखाद्या टूर गाइडची किंवा चित्रीकरणाची असते. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर परवान्याची प्रत दाखवायला सांगा.

उत्सवाची गर्दी: तिचा क्रम वेगळा आहे, तो सातव्या टप्प्यात.

तपासा: पाच मिनिटं थांबून पाहा, अडथळा माणसांचा आहे की वस्तूंचा. पुष्कळदा रांग सात-आठ माणसांचीच असते. वाट अडते ती दुकानदाराच्या फळ्यामुळे, कुंड्यांमुळे, बाहेर मांडलेल्या फ्रीजमुळे. वस्तू हटवणं माणसं हटवण्याच्या मानाने फारच सोपं.

## २. जागा कोणाची ते कागदावर पाहा

हा टप्पा लोक गाळतात आणि शेवटी इथंच अडकतात. पणजीत अठरा जून रस्त्यासारख्या ठिकाणी इमारतीच्या तळमजल्यापुढे छताखालची वाट असते. आपण तिला फुटपाथ समजतो, पण ती जागा इमारतीच्याच भूखंडात मोडत असू शकते. तसं असेल तर दुकानदार ‘ही माझी जागा’ म्हणतो आणि अर्ज तिथंच लटकतो.

शहरी भागात सिटी सर्व्हेचा आराखडा काढा: पी. टी. शीट क्रमांक (नकाशाच्या पानाचा), चलता क्रमांक (भूखंडाचा) आणि सोबत फॉर्म डी (मालमत्ता पत्रक). गावात असाल तर सर्वेक्षण आराखडा आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद). भूखंडाची हद्द कुठं संपते आणि सार्वजनिक वाट कुठं सुरू होते हे त्यात दिसतं. आराखड्याची झेरॉक्स काढून अडलेला भाग लाल पेनाने रंगवा.

त्याच वेळी रस्ता कोणाकडे आहे तेही विचारून घ्या. शहरातला फुटपाथ पालिकेकडे असेलच असं नाही. मुख्य रस्ते बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. पालिकेत चौकशी केली की तोंडी उत्तर मिळतं, आणि या टप्प्यावर तोंडी उत्तर पुरतं.

## ३. मोजा, आणि वेळेसह मोजा

‘खूप गर्दी असते’ या वाक्यावर कुणीही अधिकारी काही करू शकत नाही. त्याला तीन आकडे लागतात: फुटपाथची रुंदी, रांग उभी असताना उरलेली रुंदी आणि हे किती वाजता होतं ती वेळ.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर निघून जातील एवढी ही रुंदी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत (वस्त्यांत) फुटपाथच मुळात तेवढा नसतो. तिथं निदान ९० सेंटीमीटर, म्हणजे एक खुर्ची जाईल एवढं तरी उरतं का ते पाहा. तेही उरत नसेल तर त्या फुटपाथवर रांग उभीच राहू शकत नाही, ती इतरत्र न्यावी लागेल.

मोजण्याची पद्धत: सुताराची टेप घ्या, जोडीला एक माणूस. रांगेच्या सर्वांत रुंद जागी, बहुधा दुकानाच्या दारासमोर, भिंतीपासून कठड्यापर्यंत एकूण आणि मग उरलेली रुंदी मोजा. आठवड्याचे निदान तीन वेगवेगळे वार घ्या, त्यात शनिवार-रविवारचा एक. म्हापशात असाल तर शुक्रवार वेगळा धरा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीचं चित्र इतर दिवसांना लावलंत तर समोरचा लगेच हरकत घेईल, आणि त्याची हरकत बरोबरच असेल.

फोटो काढताना टेप आणि दुकानाची पाटी दोन्ही चौकटीत येऊ द्या. लोकांचे चेहरे टाळा, कमरेखालचा भाग पुरतो. रस्त्यावर उतरून चालणाऱ्या माणसाचा एक फोटो हवाच, कारण अडथळ्यातून होणारा धोका त्यातून दिसतो.

सावधान: हे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. टाकलेत की दुकानदाराशी बोलायची वाट बंद होते, आणि रांगेत उभी असलेली तुमच्याच वाड्यावरची माणसं तुमच्या विरोधात जातात.

पावसाळ्यात एक मोजणी वेगळी करा. छत्री उघडली की माणूस दुप्पट जागा घेतो. शिवाय छप्पर असेल तिथं रांगेत नसलेलेही येऊन उभे राहतात. जूनमध्ये अडणारी वाट डिसेंबरमध्ये मोकळी असू शकते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

## ४. दुकानदाराकडे तक्रार नेऊ नका, आराखडा न्या

आधी बोलायचंच. पण रिकाम्या हाताने गेलात तर उत्तर ठरलेलं: ‘गिऱ्हाईक उभं राहतं, मी काय करू?’ त्याला काय करता येईल ते तुम्ही सांगा. गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नका; दुपारी दुकान बंद व्हायच्या जरा आधी जा. मालकाशीच बोला, काउंटरवरच्या पोराला बोलून काही होत नाही.

रांग बसवताना पुढच्या गोष्टी पाहाव्या लागतात.

लांबी: एकामागे एक उभा राहिलेला माणूस साधारण अर्धा ते पाऊण मीटर लांबी घेतो. वीस माणसांची रांग म्हणजे दहा ते पंधरा मीटर. दुकानाची दर्शनी बाजू चार मीटर असेल तर ती शेजाऱ्यांच्या दारापुढे जाणारच. शेजारी दुकानदाराची तोंडी संमती आधी घ्या; नाहीतर उद्या तोच तक्रारदार होतो.

बाजू: रांग भिंतीला चिकटून, एकेरी. कठड्याच्या बाजूने लावली तर गाड्यांतून उतरणारे आणि बसथांब्यावरचे लोक तिच्यात मिसळतात. दुहेरी रांग कधीच नको. दोन ओळी झाल्या की मित्र शेजारी येऊन उभा राहतो आणि बघता बघता तीन होतात.

तोंड: रांग दारातच सुरू होत असेल तर आत जाणारे, बाहेर येणारे आणि ‘फक्त विचारायला’ आलेले तिथं अडतात. तोंड दारापासून दोन पावलं बाजूला घ्या, आणि चौकशीसाठी वेगळी खिडकी किंवा वेगळा माणूस ठेवा. एवढ्या एका बदलाने दारापुढचा घोळका बराच कमी होतो.

तोड: जिन्याचं दार, शेजारचं गेट, झेब्रा पट्टी आणि बसथांबा इथं रांग तोडायची. जमिनीवर पट्टी ओढून ‘इथं उभं राहू नये’ असं लिहायचं. पट्टी फुटपाथवर काढायची तर पालिकेला विचारावं लागेल. दुकानाच्या पायरीवर काढायला कुणाची परवानगी नको.

टोकन: एका गिऱ्हाइकाला तीन मिनिटं लागत असतील तर विसाव्या माणसाला तास उभं राहावं लागतं. अशा वेळी रांग सरळ करून काहीच होत नाही, ती मोडावीच लागते. क्रमांकाची चिठ्ठी द्या, वेळ सांगा, माणसाला फिरून येऊ द्या. दवाखाने आणि बँकांना हा उपाय चटकन पटतो. खाण्याच्या ठिकाणी पटत नाही. बाहेरची रांग हीच आपली जाहिरात असा तिथल्या मालकांचा हिशेब असतो. तो उघड बोलून दाखवतात, आणि मला तो फारसा लपवण्यासारखाही वाटत नाही. पण जाहिरातीची जागा सार्वजनिक वाट नव्हे, एवढं ठणकावून सांगावं.

सावधान: दोऱ्या, खांब, साखळ्या लावून फुटपाथचा भाग ‘राखून’ ठेवायला सांगू नका. परवानगीशिवाय तसं करणं हा नवा अडथळाच. खाजगी सुरक्षारक्षकाला चालणाऱ्या माणसाला फुटपाथवरून खाली उतर म्हणायचा काहीही अधिकार नाही. तो फक्त आपल्या गिऱ्हाइकांना नीट उभं करू शकतो.

ठरलेल्या गोष्टी एका पानावर लिहा, तारीख घाला, एक प्रत त्याला द्या. सही केली तर उत्तम. नाही केली तरी तुम्ही बोलायला गेला होता याची नोंद पुढे उपयोगी पडते. पंधरा दिवस थांबा आणि पुन्हा मोजा.

## ५. लेखी अर्ज: कोणाला, कसा

पणजीत महानगरपालिकेच्या आयुक्तांना. इतर शहरांत पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना. नगराध्यक्षांना आणि नगरसेवकांना प्रत द्यावी, पण अर्ज त्यांच्या नावे नको. पंचायत क्षेत्रात सरपंच आणि सचिव यांना. रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर तिथल्या कार्यकारी अभियंत्यांना प्रत. अर्ज मराठीतून देता येतो.

अर्ज एका पानात बसवा. पहिल्या परिच्छेदात ठिकाण, दुकान आणि वेळ. दुसऱ्यात मोजणीचे आकडे. तिसऱ्यात दुकानदाराशी बोलणं झाल्याची तारीख. चौथ्यात मागणी, आणि ती एकच. ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिलंत तर योग्य ती म्हणजे काहीही नाही असा अर्थ निघतो. त्याऐवजी लिहा: ‘दुकानापुढच्या वस्तू काढण्याची आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत भिंतीकडेने एकेरी रांग ठेवण्याची नोटीस परवानाधारकास द्यावी.’ सोबत आराखडा आणि तीन-चार फोटो.

वाड्यावर चाकाची खुर्ची वापरणारं किंवा दृष्टिहीन कुणी असेल आणि त्यांची तयारी असेल तर त्यांचा वेगळा अर्ज दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जाऊ द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली त्यांना तक्रार घेता येते. शिवाय १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. राजशेखरन प्रकरणात चालण्याजोगा, अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आहे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करा. निकालपत्राची जाडजूड प्रत जोडू नका, कुणी उघडत नाही.

तपासा: तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख आली का? नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. नगरसेवकाच्या हातात दिलेला कागद म्हणजे अर्ज नव्हे.

## ६. पोलिसांकडे कधी आणि काय मागायचं

दोन परिस्थिती वेगळ्या ठेवा. ढकलाढकली, मारामारी, अडकलेली रुग्णवाहिका, रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे अपघाताचा धोका: अशा वेळी लगेच ११२. रोजच्या अडथळ्यासाठी मात्र पोलीस स्थानकात निरीक्षकांच्या नावे अर्ज, पालिकेच्या आवक क्रमांकासह, आणि एक प्रत वाहतूक पोलिसांना. फुटपाथवर चढवलेल्या स्कूटर हा वाहतूक पोलिसांचाच विषय, तो इकडे मिसळू नका.

अर्जात कलम लिहायचं तर भारतीय न्याय संहितेचं २८५ लिहा: आपल्या कृतीने, किंवा आपल्या ताब्यातल्या वस्तूची नीट व्यवस्था न ठेवल्याने, सार्वजनिक वाटेत अडथळा वा धोका निर्माण करणं. दंड ५,००० रुपयांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत हेच २८३ होतं आणि दंड होता २०० रुपये. अजूनही २८३ लिहिलेले अर्ज फिरत असतात. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला ते चालत नाही. रांगेला ‘बेकायदा जमाव’ म्हणू नका. पाव घ्यायला उभी असलेली पन्नास माणसं बेकायदा जमाव होत नाहीत. असा शब्द घातला की अर्जाचं वजन जातं.

स्थानकात बोलताना ठरावीक वेळ मागा. ‘रोज गस्त ठेवा’ हे होणार नाही. ‘शुक्रवारी आणि शनिवारी ७ ते ८ एक शिपाई किंवा होमगार्ड, दोन आठवडे’ हे होऊ शकतं.

प्रत्यक्ष जागेवर रांग हलवायची पद्धत पोलिसांना माहीत असते, पण होमगार्ड आणि मंडळांचे स्वयंसेवक हमखास उलटं करतात. ते रांगेच्या तोंडाशी जाऊन ओरडतात. पुढचे मागे सरकतात, मागच्यांना काही दिसत नाही, दाब वाढतो. सुरुवात नेहमी शेपटाकडून करावी. शेवटच्या माणसाला नवी जागा दाखवायची, तिथं स्वतः उभं राहायचं, मग पाच-पाच माणसं वळवत पुढे यायचं. नवी जागा तयार नसताना ‘हला, हला’ म्हणणं व्यर्थ आहे. माणूस हलून जाणार कुठं? वळवताना क्रमांक मोडणार नाही हे मोठ्याने सांगावं, कारण रांगेत भांडण जागेवरून कमी आणि नंबरावरून जास्त होतं. वयस्कर आणि कडेवर मूल असलेल्यांना आधी आत घ्यावं. कुणाच्या अंगाला हात लावू नये.

## ७. जत्रा, मिरवणूक, फेस्त: इथं तक्रार उशिराच ठरते

वास्कोच्या दामोदर सप्ताहात, म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत, किंवा शिगमो-कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी फोन करून काही होत नाही. फेरीतल्या, म्हणजे जत्रेच्या बाजारातल्या, दुकानांच्या जागा आधीच ठरलेल्या आणि पैसे भरलेले असतात. जे काही मागायचं ते जागा आखण्याआधी, म्हणजे निदान महिनाभर आधी: पालिकेकडे, आणि प्रत आयोजक समितीला व पोलिसांना.

मागण्या मोजक्या ठेवा. रस्त्याच्या एका बाजूचा फुटपाथ पूर्ण मोकळा. दुकानांच्या ओळीत ठरावीक अंतरावर आरपार तोड. इमारतींची दारं आणि अग्निशमन दलाची वाट खुणा करून सोडलेली. मिरवणूक असेल तर प्रेक्षकांना उभं राहायची बाजू ठरवलेली, म्हणजे दुसऱ्या बाजूने घरी जाता येईल. उतार आणि अरुंद तोंड जिथं एकत्र येतं ती जागा नकाशावर वेगळी दाखवा. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्यानंतर अशा खुणांकडे अधिकारी दुर्लक्ष करतील असं वाटत नाही.

आदल्या दिवशी दुकानं उभारली जात असताना जाऊन पाहा. बांबू रोवला जाण्याआधी खूण दोन हात सरकते, नंतर नाही.

## ८. काहीच झालं नाही तर

आवक तारखेपासून महिना झाला की माहिती हक्काचा अर्ज: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. मागा ते कागद: माझ्या अर्जावरच्या शेऱ्यांची प्रत, पाहणी अहवाल, परवानाधारकाला दिलेल्या नोटिशीची प्रत. या अर्जाने पुष्कळ फाइली हलतात, कारण पाहणी झाली नसेल तर ती आता करावी लागते.

त्यानंतर उपजिल्हाधिकारी, म्हणजेच उपविभागीय दंडाधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक वाटेतला बेकायदा अडथळा काढण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. समोरच्याने आदेश पाळायचा किंवा हजर होऊन कारण दाखवायचं. तो हजर झाला की त्याला पहिला प्रश्न हाच असतो: इथं सार्वजनिक हक्क आहे हे मान्य की अमान्य? त्याने अमान्य म्हटलं आणि त्याच्या बाजूने विश्वासार्ह पुरावा निघाला तर कार्यवाही थांबते आणि प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या निर्णयावर जातं. दुसऱ्या टप्प्यातला आराखडा इथं कामाला येतो. तो नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जायची घाई करू नका.

सोबत न्यायचं: आवक शिक्क्याचे सर्व अर्ज तारीखवार, मोजणीचा तक्ता, फोटो, आराखडा, दुकानदाराला दिलेलं पान, माहिती हक्कात मिळालेले कागद. निदान पाच रहिवाशांच्या सह्या असाव्यात. एकट्याचा अर्ज म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण, असं समजलं जातं.

मधेच रांग सुधारली तर तसं लेखी कळवून अर्ज मागे घ्या, पण ‘पुन्हा अडथळा झाल्यास नव्याने अर्ज करण्याचा हक्क राखून’ ही ओळ घालायला विसरू नका. कागदांची फाइल जपून ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की टेप घेऊन एकदा मोजून या.